सल्ला देणारे मास्तर, तपासणी करणारे साहेब

शिक्षकाला कोण शिकवतो? पालक म्हणून किंवा वाचक म्हणून हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. डी.एड. झाले, बी.एड. झाले, नेमणुकीचा कागद हाती आला, की माणूस शिक्षक झाला असे आपण धरून चालतो. नवा वकील काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढतो. नवा डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या मागून वॉर्डात फिरतो. गवंड्याचा पोऱ्या ओळंबा धरायला शिकतो तो गवंड्याच्या शेजारी उभा राहूनच. शिक्षक मात्र पहिल्याच दिवशी वर्गात जातो, दार लोटून घेतो आणि चाळीस मुलांपुढे एकटा उभा राहतो. त्याला अडले तर त्याने विचारायचे कोणाला?

महाराष्ट्रात सरकारी आश्रयाने आधुनिक शाळा सुरू झाल्या त्याला आता जवळजवळ दोनशे वर्षे होत आली. या दोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा सापडले आणि पुन्हा पुन्हा हरवले. उत्तर साधे आहे. शिक्षकाला शिकवू शकतो तो दुसरा शिक्षक, ज्याने तीच वाट आधी तुडवली आहे. पण वर्गात येणारा हा जाणता माणूस सल्ला द्यायला येतो की तपासणी करायला येतो, यावर सारे अवलंबून असते. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात ही दोन माणसे बरोबरीने चालत आली आहेत. कित्येकदा तर ती एकाच कोटात वावरली आहेत.

धुळपाटी ते मद्रास, मद्रास ते मुंबई

इंग्रज येण्याआधी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात त्या भरत. एक पंतोजी आणि सगळ्या वयांची मुले. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, परवचा म्हणायचा, मोडी वळवायची. एकट्या पंतोजींना हे झेपणार कसे? मग थोरली मुले धाकट्यांना शिकवत. मक्तबातही हीच रीत होती. उस्तादाच्या खालोखाल जो जाणता विद्यार्थी असे त्याला खलिफा म्हणत आणि नव्या मुलांचे ‘अलिफ, बे’ त्याच्याकडेच असे. आपल्याला येते ते शेजाऱ्याला सांगायचे, इतकी ही सरळ गोष्ट होती.

या रीतीकडे मद्रासमध्ये एका पाद्र्याचे लक्ष गेले. त्याचे नाव अँड्र्यू बेल. १७८९च्या सुमारास तो तिथल्या लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा कारभार पाहत होता. तिथले शिक्षक नव्या काही करायला तयार नव्हते. एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि आपल्या आश्रमात तोच प्रकार सुरू करायचे ठरवले. शिक्षक ऐकेनात, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलाला लहान मुलांची अक्षरओळख सोपवली. ती जमली. १७९७ मध्ये बेलने या प्रयोगावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडात जोसेफ लँकेस्टरने त्याच धर्तीवर शाळा चालवल्या आणि ही पद्धत जगभर गाजली. मग १८२०च्या दशकात ती मुंबईत आली, ती इंग्रजांची नवी युक्ती म्हणून! आपल्याच ओसरीवरची गोष्ट समुद्र ओलांडून, टोपी घालून परत आली.

पहिले चोवीस

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. त्याच्या प्रोत्साहनाने मुंबईत देशी शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी उभी राहिली. पुढे ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखली गेली. या मंडळीने १८२३च्या सुमारास इलाख्यातल्या शिक्षणाची स्थिती पाहिली आणि चार अडचणी नोंदवल्या. पुस्तके नाहीत, शिकवण्याची सोपी पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. मंडळी, दोनशे वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कुठल्याही शिक्षक-बैठकीत वाचून दाखवली, तर तारीख कोणी विचारणार नाही.

कामाला दोन माणसे लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा इंजिनीअर मराठी शिकला होता आणि गणिताची पुस्तके मराठीत आणत होता. मंडळीचे देशी चिटणीस होते सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे आपले ‘बाळमित्र’कार बापू छत्रे. पुस्तके होऊ लागली, पण ती शिकवणार कोण? पंतोजींची सवय मोडीची, पुस्तके छापील बाळबोध लिपीतली. पंतोजींच्या शाळेत प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाई, नव्या शाळेत वर्ग करायचे होते. म्हणून शिकवणाऱ्यांना आधी शिकवायचे ठरले. १८२६ मध्ये असे चोवीस शिक्षक तयार झाले आणि दख्खन, कोकण व गुजरातेत पाठवले गेले. आज महाराष्ट्रात लाखो शिक्षक आहेत. त्या सगळ्यांची वंशावळ मागे मागे नेली तर या चोविसांपाशी पोचते.

त्यांतल्या एखाद्याची अवस्था डोळ्यांपुढे आणा. मुंबईत शिकताना भोवती सोबती होते, अडले तर विचारायला माणूस होता. गावी पोचल्यावर तो एकटाच. गावाला नव्या शाळेबद्दल संशय, जुना पंतोजी नाराज, हातात पाच-सहा पुस्तके. त्याला कोणते उदाहरण मुलांना समजत नाही, कोणता धडा अवघड जातो, हे मुंबईला कळवायची आणि तिथून सल्ला मिळायची सोय नव्हती. शिक्षकाला एकदा शिकवले की झाले, ही समजूत तिथपासूनची आहे.

नॉर्मल क्लास

पुढच्या पिढीत हे काम बाळशास्त्री जांभेकरांकडे आले. ‘दर्पण’चे संपादक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते हाडाचे शिक्षक होते. एल्फिन्स्टनमध्ये त्यांच्या हाताखाली दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी यांच्यासारखे विद्यार्थी शिकले. १८४५ मध्ये शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाची, म्हणजे ‘नॉर्मल क्लास’ची जबाबदारी त्यांच्यावर आली. हा माणूस किती विषयांत वावरत होता पाहा. बालव्याकरण त्यांनी लिहिले, भूगोल लिहिला, इतिहास लिहिला, नीतिकथा लिहिल्या आणि शून्यलब्धीसारखे उच्च गणितही मराठीत आणले. शिक्षकांना शिकवायला असा माणूस निवडला गेला, याला अर्थ आहे. गावातला मास्तर एका विषयाचा नसतो. सकाळी पाढे, दुपारी व्याकरण, संध्याकाळी नकाशा असे त्याला करावे लागते. त्याला सल्ला देणाऱ्यालाही या कुंपणांवरून उड्या मारता आल्या पाहिजेत.

दुर्दैवाने १८४६च्या मे महिन्यात बाळशास्त्री गेले. वय जेमतेम चौतिशीच्या आसपास. त्यांच्या जागी दादोबा पांडुरंग तर्खडकर आले. मराठीचे व्याकरण लिहिणारे, म्हणून आपण त्यांना ‘मराठी भाषेचे पाणिनी’ म्हणतो. तेही मुळात शिक्षकच. दहा वर्षांपूर्वी, १८३६ मध्ये, त्यांचे व्याकरण छापले गेले होते. व्याकरण लिहिणारा माणूस ते कसे शिकवायचे हेही सांगायला बसतो, ही त्या काळाची मोठी श्रीमंती होती.

याच दशकात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेतले ते दोन अनुभवी शिक्षिकांकडे. पुण्यात मिसेस मिचेल आणि अहमदनगरला मिस फॅरार. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या फातिमाबाईंबद्दल फार थोडे लिहून ठेवलेले आहे. पण १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी आजारपणात माहेरी, नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव येते. आपण तिथे नाही, त्यामुळे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाची ती ओळ आहे. अनेकांना या ओळीत मैत्री दिसते. मला त्यात एका शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षिकेवर टाकलेला विश्वासही दिसतो. आपण नसताना वर्ग कोण सांभाळेल याची चिंता ज्यांना असते, त्यांनाच शाळा कळलेली असते.

दिपोटी आला रे आला

१८५४च्या वूडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखाते उभे राहिले. डायरेक्टर, इन्स्पेक्टर, त्याखाली डेप्युटी. लोकांनी या डेप्युटीचे ‘दिपोटी’ केले. तो शाळा हिंडून पाहणारा. कागदावर त्याचे काम दुहेरी होते. शाळा तपासायची आणि मास्तरांना मार्गदर्शनही करायचे. गावोगावी मात्र लक्षात राहिली ती तपासणी. दिपोटी येणार म्हणून शाळा सारवायची, हुशार मुले पुढे बसवायची, ठरावीक कविता घोकून घ्यायची.

त्यात भर पडली निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीची. परीक्षेत जितकी मुले पास, तितका पैसा. ज्या दिवशी मुलाच्या उत्तराची किंमत रुपयांत ठरली, त्या दिवसापासून शिक्षक आपली अडचण सांगेनासा झाला. अडचण सांगणे म्हणजे कबुली देणे झाले. माझ्या वर्गाला भागाकार समजत नाही, हे वाक्य दुसऱ्या मास्तरापुढे बोलले तर मदत मिळते. साहेबापुढे बोलले तर शेरा मिळतो. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने ही पद्धत सोडून द्यायचे ठरवले. पद्धत गेली, पण तिने लावलेली भीती इतक्या लवकर जाणारी नव्हती.

तरीही त्या काळात एक चांगली गोष्ट झाली. पुण्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज होते आणि कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे प्रमुख होते. त्यांच्या संपादनाखाली ‘शालापत्रक’ हे मासिक चालत असे. नावच बोलके आहे. शाळांसाठीचे पत्र. गावात एकट्या बसलेल्या मास्तरापर्यंत विद्येची पत्रे पोचवण्याचा तो मार्ग होता. विज्ञान, इतिहास, भाषा, नीती असे सारे विषय एका अंकात येत. १८२६च्या त्या चोविसांना जे मिळाले नाही, ते त्यांच्या नातवंडांना टपालाने मिळू लागले. कृष्णशास्त्र्यांनंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री या मासिकाचे काम पाहू लागले. त्यांची लेखणी सरकारला सोसवेना. सरकारी रोष ओढवला आणि १८७५ मध्ये ‘शालापत्रक’ बंद पडले. मराठी गद्याचा इतिहास सांगताना ही गोष्ट आपण विष्णुशास्त्र्यांच्या बाण्याची म्हणून सांगतो. आडगावच्या ज्या मास्तराला महिन्याकाठी येणारे ते पान बंद झाले, त्याच्या बाजूने ती सांगायला हवी.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षकांविषयीचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. शिक्षक शेतकरी-कष्टकऱ्यांतून तयार करावेत, त्यांना चांगले प्रशिक्षण द्यावे आणि प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये पगार असावा, असे त्यांनी मांडले. गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, असा शिक्षक त्यांना हवा होता. पुस्तक आणि हातांचे काम यांमधली भिंत त्यांना मान्य नव्हती. शेतीच्या अनुभवातून गणित येते, सुतारकामातून भूमिती येते, हे त्या मागणीत आपसूकच आले.

बोर्डीपासून कोसबाडपर्यंत

विसाव्या शतकात शिक्षकाने शिक्षकाला घडवण्याची सर्वांत सुंदर कहाणी घडली ती त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, समुद्राकाठी. १९४५ साल होते. ताराबाई मोडक तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ मराठीत काढली. दादरला शिशुविहार चालवले. एवढे झाल्यावर शहरातल्या या जाणत्या बाईंनी खेड्यात जायचे ठरवले आणि बोर्डी गाठली.

त्यांना साथ मिळाली अनुताई वाघ यांची. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या. ट्रेनिंग पुरे करून १९२९ पासून त्या प्राथमिक शिक्षिका होत्या. आधी चांदवडला, मग पुण्यात हुजूरपागेत. नोकरी करता करता रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली, तेव्हा त्यांच्या पाठीशी सोळा वर्षांचे शिकवणे होते. अशी मुरलेली शिक्षिका पुन्हा शिकायला बसली, ही गोष्ट मला विशेष वाटते. नवशिक्याने शिकणे सोपे असते. ज्याला येते, त्याने नव्याने शिकणे अवघड. त्या पुढे पन्नाशीनंतर बी.ए. झाल्या, यावरून त्यांचा पिंड कळतो.

बोर्डीत पहिला धडा मुलांनीच दिला. बालवाडी काढली, पण मुले येईनात. लहान भावंडांना कडेवर घेऊन फिरणाऱ्या, भुकेल्या मुलांना शाळेची वेळ परवडत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. वस्तीत जायचे, मुले गोळा करायची, हातपाय धुऊन द्यायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. ही अंगणवाडी. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हाच शब्द तिने उचलला. आज भारतातल्या बहुतेक भाषांत अंगणवाडी हा शब्द रुळला आहे. तो एका मराठी शिक्षिकेच्या अडचणीतून जन्मला, हे किती जणांना ठाऊक असते?

पुढे १९५०च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. इथली थोडी मोठी मुले गुरे राखायला जात. मग कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथेच शाळा, शिक्षक साहित्याची पेटी घेऊन रानात. माँटेसरीची महागडी साधने इथे कुठून आणणार? मग चिंचोके आले, शिंपले आले, खडे, पाने, बिया आल्या. शिंपल्यांच्या एका ढिगाऱ्यातून मोजणी होई, लहानमोठे लावणे होई, नक्षी होई आणि त्या नक्षीवर बोलताना भाषाही होई. विषयांची कपाटे करायला तिथे जागाच नव्हती.

शिक्षकांच्या दृष्टीने कोसबाडचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. बालसेविकांचे प्रशिक्षण तिथे, त्याच मुलांमध्ये होई. सेविका वर्ग घेताना चुकली, तर तिच्याशेजारी बसलेली बाई काल स्वतः त्याच जागी चुकलेली असे. त्यामुळे सांगण्यात अधिकार असे आणि अंगावर येणे नसे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे, १९९२ मध्ये जाईपर्यंत, अनुताईंनी ही टेकडी सांभाळली. शिष्येने गुरूचे काम पुढे नेल्याची उदाहरणे संगीतात आपण भक्तिभावाने सांगतो. शाळेच्या बाबतीत ती सांगायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

केंद्र, संमेलन आणि फाइल

कोसबाड ही एक टेकडी झाली. साऱ्या राज्याचे काय? या प्रश्नावर विचार करणारा एक मोठा माणूस आपल्याकडे झाला. जे. पी. नाईक, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला, तो आजही अभ्यासकांना लागतो. १९६४ ते १९६६ या काळातल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. या आयोगाने शाळासमूहाची कल्पना मांडली. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळा एकत्र जोडायच्या. माध्यमिक शाळेतल्या प्रयोगशाळेचा, ग्रंथालयाचा उपयोग सगळ्यांनी करायचा आणि शिक्षकांनी एकमेकांकडे जाऊन एकमेकांना शिकवायचे. शिक्षकाचे एकटेपण मोडणे, हा या कल्पनेचा गाभा होता.

महाराष्ट्रात ती कल्पना वेगळ्या रूपात १९९०च्या दशकात आली. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र आणि त्या केंद्राला एक केंद्रप्रमुख. हा केंद्रप्रमुख शिक्षकांमधलाच, अनुभवी. त्याने शाळांत जायचे, पाठ पाहायचे, स्वतः पाठ घेऊन दाखवायचा. दर महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी एका शाळेत जमायचे. याला केंद्रसंमेलन म्हणत, पुढे शिक्षण परिषद म्हणू लागले. कुणी नमुना पाठ घेई, कुणी साहित्य मांडी, दुपारी यजमान शाळेकडून पोहे-चहा.

चांगल्या केंद्रसंमेलनात काय घडते, ते शिक्षकांकडून ऐकावे. गणिताचा शिक्षक तक्रार करतो की मुलांना बेरीज येते, वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरण आले की मुले अडतात. भाषेचा शिक्षक ते उदाहरण मागून घेतो, वाचतो आणि सांगतो, अहो, तुमची मुले गणितात अडत नाहीत, ‘पैकी’ या शब्दात अडतात. चित्रकलेचा शिक्षक भूगोलवाल्याला सांगतो, नकाशा गिरवायच्या आधी मुलांना आपल्या वर्गाचा आराखडा काढू द्या, मग प्रमाण आपोआप कळेल. कविता शिकवणाऱ्याला गणितवाला मात्रा मोजायचा खेळ सुचवतो. आम्ही कवी मंडळी मात्रा मोजतो तेव्हा गणितच करत असतो, हे मलाही कुणी शाळेत सांगितले असते तर बरे झाले असते! असा सल्ला त्या विषयाच्या तज्ज्ञाला सुचत नाही. तो शेजारच्या विषयाच्या माणसाला सुचतो, कारण मुलाला अडखळताना तो दुसऱ्या बाजूने पाहत असतो.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना तर याची गरज अधिक. एखाद्या केंद्रात सात-आठ मराठी शाळा आणि एकच उर्दू शाळा असते. तिथल्या शिक्षकाला आपल्या माध्यमाचा सोबती त्या संमेलनात मिळत नाही. पण अपूर्णांक शिकवण्याची अडचण उर्दूतही तीच असते आणि मराठीतही तीच. त्याने आपली युक्ती सांगितली आणि बाकीच्यांनी ती उचलली, की माध्यमाची भिंत थोडी खाली येते. जिथे संमेलन नुसते मराठी परिपत्रक वाचण्यापुरते होते, तिथे तो मागच्या बाकावर गप्प बसून घरी जातो.

आणि असे पुष्कळ ठिकाणी झाले. केंद्रप्रमुखाच्या डोक्यावर एकेक काम चढत गेले. पोषण आहाराचे तक्ते, निरनिराळी ऑनलाइन माहिती, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. अनेक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. सल्ला द्यायला नेमलेला अनुभवी मास्तर हळूहळू माहिती गोळा करणारा कारकून झाला आणि कारकुनाला वेळ उरला तर तपासणी करणारा दिपोटी. गेल्या शतकाचे चाक पुन्हा त्याच खड्ड्यात गेले.

मात्र याच रचनेत कुमठे बीटही घडले. सातारा तालुक्यातल्या या शाळांमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथले शिक्षक यांनी मिळून मुलांना स्वतः शिकू देणारे वर्ग उभे केले. जमिनीवर आखलेली चित्रे आणि अंक, खडे, काड्या, मुलांचे गट. २०१०च्या दशकात राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते वर्ग पाहायला गेले. कुणाचा हुकूम होता म्हणून गेलेले थोडे. आपल्यासारख्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत, आपल्यासारख्याच पगारावरच्या माणसाला हे जमले कसे, हे पाहायला गेलेले पुष्कळ. परत येऊन काहींनी जमिनीवरच्या नुसत्या रेघा उतरवल्या, काहींनी त्यामागचा विचार उचलला. हा फरक होता तो तिथल्या शिक्षकाशी बसून बोललो की नाही, याचा.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळासमूहाची कल्पना पुन्हा मांडली आहे. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास आपल्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत असे म्हटले आहे. अनुभवी आणि निवृत्त शिक्षकांनी इतरांना मार्गदर्शन करावे, यासाठी राष्ट्रीय पातळीवर मोहीम सुचवली आहे. कागद चांगला आहे. पण पन्नास तास मोजायचे ठरले की मोजणारा येतो, आणि मोजणारा आला की तो प्रमाणपत्र मागतो. शिक्षक मोबाइलवर चित्रफीत लावून ठेवतो, तास पुरे होतात आणि वर्गातला भागाकार होता तिथेच राहतो.

दोनशे वर्षांच्या या वाटेने माझ्यासारख्या सामान्य वाचकाला जे शिकवले ते थोडक्यात असे. अनुभवी शिक्षकाला दुसऱ्याच्या वर्गात बसायला वेळ द्या. त्याने तिथे काय पाहिले, हे फाइलमध्ये जाणार नाही याची हमी द्या. त्याला एकाच विषयाच्या कप्प्यात कोंडू नका. आणि तो निवृत्त झाला, की शाल-श्रीफळ देऊन निरोप देऊ नका. तीस-पस्तीस वर्षे मुलांमध्ये काढलेला माणूस गावात पारावर बसून असतो, आणि दोन फर्लांगांवरच्या शाळेत नवी शिक्षिका चौथीच्या वर्गापुढे एकटी उभी असते. त्या दोघांमध्ये चालत जाण्याएवढेच अंतर असते. ते अंतर कमी करायला परिपत्रक लागत नाही. मुख्याध्यापकांचे एक बोलावणे पुरते, आणि वर्गात मागच्या बाजूला एक रिकामी खुर्ची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)